५० हजारात पोळी-भाजीचे डबे सुरू करू की टी-शर्ट प्रिंटिंग?

डबेच सुरू करा, कारण गॅस-भांडी घरात असतातच आणि महिन्याचे पैसे बहुतेक जण आधी देतात, टी-शर्टमध्ये मशीन आणि साइज-रंगांचा स्टॉक यातच सगळे ५० हजार अडकून बसतात. मी स्वतः डबे देते म्हणून सांगते, आधी ओळखीच्या दहा जणांना पंधरा दिवस डबा द्या पण पैसे घेऊनच, फुकट दिलं की सगळे छानच म्हणतात. परत आलेला डबा रोज उघडून बघा, पोळ्या संपल्यात आणि भाजी तशीच राहिलीये तर काय बदलायचं ते तिथेच कळतं. रेट ठरवताना तेल, गॅस, पेट्रोल तर धराच पण स्वतःची मजुरी पण धरा, ती धरली नाही की नफा होतोय असं उगाच वाटत राहतं. घरून केलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि पैसे कमी पडले तर सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. फक्त तुमच्याकडे गिऱ्हाईक कॉलेजचीच मुलं असतील तर जरा थांबून विचार करा, परीक्षा संपल्या की ती गावाला जातात आणि मे महिना जवळजवळ रिकामा जातो, त्यामुळे निम्मे तरी डबे नोकरीवाल्यांचे हवेत.