न्यूजएजंटच्या शेल्फवर जायचंय ना, मग आधी हे वाच

अगं,

जुन्या ब्रिटिश कॉमिक्सवरच्या तुझ्या नव्या मॅगझिनचा डमी, म्हणजे नमुना अंक, काल रात्री पूर्ण वाचून काढला. टॅमी आणि मिस्टी या मुलींच्या कॉमिक्सवरचा लेख मला फार आवडला, कारण ब्रिटिश कॉमिक्स म्हटलं की लोक डॅन डेअर, जज ड्रेड आणि बीनोपाशीच थांबतात, मुलींसाठी दर आठवड्याला केवढं काय काय निघायचं हे कुणाच्या लक्षातच राहत नाही. तो लेख पुढे आण, मागच्या पानांत ढकलू नकोस.

आता तुझा मेन प्रश्न, की पहिलाच अंक ब्रिटनभरच्या न्यूजएजंटकडे, म्हणजे पेपर-मॅगझिनच्या दुकानांत, कसा पोचवायचा. पोचवता येतो गं, त्यात अशक्य काही नाही, पण पोचला म्हणजे खपला असं नसतं आणि नवीन माणसं इथेच फसतात. तुझा अंक आधी डिस्ट्रिब्युटरकडे जाणार, तिथून होलसेलरकडे, म्हणजे स्मिथ्स न्यूज नाहीतर मेन्झीज, जे आता इनपोस्टकडे गेलंय, बहुतेक सगळा देश या दोघांनीच वाटून घेतलाय, आणि तिथून पहाटेच्या गठ्ठ्यात दुकानात. सगळा माल सेल ऑर रिटर्नवर. जो खपला नाही तो परत, बहुतेक वेळा सरळ लगदा करायला, आणि तुला पैसे मिळणार फक्त खपलेल्या अंकांचे, तेही काही महिन्यांनी, तोवर प्रिंटरचं बिल तुझ्या डोक्यावर.

हिशोब करून बघ. समज १००० प्रती छापल्या, एका प्रतीला २ पौंड पडले, म्हणजे २००० गेले. किंमत ठेवलीस ६ पौंड, त्यातला साधारण अर्धा दुकानदार, होलसेलर आणि डिस्ट्रिब्युटर यांच्यात जातो. ३५० खपले तर तुझ्या हातात १०५०. आणि हजारात साडेतीनशे खपले तर नव्या मॅगझिनला मी वाईट म्हणणार नाही, तरीही तू साडेनऊशे पौंडांनी खाली! तेच साडेतीनशे जण वर्गणीदार असते आणि पोस्टेज वेगळं घेतलं असतंस तर २१०० थेट तुझ्याकडे आले असते आणि छापायच्याही चारशेच, एका प्रतीचा खर्च थोडा वाढला असता इतकंच. म्हणून म्हणतो, वर्गणी आधी, शेल्फ नंतर.

दुकानदाराच्या बाजूनेही बघ जरा. लेस्टरला काउंटरमागे मी बरीच वर्षं काढली आहेत, पहाटे गठ्ठे सोडलेत, त्यामुळे हे आतून माहितीये. छोट्या दुकानाच्या गठ्ठ्यात काय येणार हे बरंचसं वरूनच ठरतं, शिवाय माल आणून टाकायचा कॅरेज चार्ज त्यालाच भरावा लागतो, मग ओळखीचा नसलेला एखादा अंक दिसला की तो शेल्फवर न लागता रिटर्नच्या ढिगातही जाऊ शकतो. लागला तरी मॅगझिनं एकावर एक सरकवून लावतात, दिसते फक्त डावीकडची पट्टी आणि वरचं नाव. तुझ्या कव्हरवर नाव उजवीकडे आहे आणि तेही जांभळ्यावर काळं! ते डावीकडे घे, मोठं कर, आणि कुठल्या कॉमिक्सबद्दल आहे ते त्याच पट्टीत लिही.

तरी न्यूजएजंटचा नाद पूर्ण सोड असं मी म्हणणार नाही, कारण ही कॉमिक्स तिथेच जगली. जुना अंक हातात घे, वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं आडनाव किंवा घरनंबर कधीकधी दिसेल, पेपर टाकणाऱ्या पोराने कुठल्या दारात टाकायचा ते दुकानदार लिहून ठेवायचा. तुझा वाचक म्हणजे ते नाव ज्याचं होतं तोच, आता साठीतला, आणि तो आजही कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. त्याला अंकात छापूनच सांग की दुकानदाराला सांगून ठेव, प्रत राखून ठेवायला. दुकानदार होलसेलरकडे तशी मागणी टाकू शकतो, आणि मागून घेतलेली प्रत परत जायची शक्यता फार कमी.

आधीची उदाहरणं बघ. व्हिझ हे विनोदी कॉमिक १९७९ मध्ये न्यूकॅसलला १५० प्रतींपासून सुरू झालं, आधी तिथल्या पबमध्ये वगैरे विकलं गेलं, आणि दहा-अकरा वर्षांत खप दहा लाखांच्या वर. उलट संपादक डेझ स्किनचं वॉरियर हे कॉमिक्स मॅगझिन १९८२ मध्ये न्यूजएजंटकडे आलं, आतलं काम अफाट होतं, तरी २६ अंकांनी १९८५ मध्ये थांबलं आणि त्यातली व्ही फॉर व्हेंडेटा ही मालिका अर्धीच राहिली, पुढे अमेरिकेत डीसी या प्रकाशकाकडे पूर्ण झाली. नुसतं चांगलं असून भागत नाही, हे वॉरियर बघून मला नेहमी वाईट वाटतं.

बाकी कामं पटापट उरक. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, ब्रिटिश लायब्ररीकडून फुकट मिळतो, त्यावरून ९७७ ने सुरू होणारा बारकोड करून घे, आणि अंक निघाला की महिन्याच्या आत एक प्रत लायब्ररीला द्यायची, तो कायदा आहे. समीक्षेसाठी एखादं पॅनेल, म्हणजे चित्राची एक चौकट, क्रेडिट देऊन छापणं वेगळं, पण कव्हरवर मोठं चित्र घेणार असशील तर लेखी परवानगी घे, मिस्टी-टॅमीसाठी आता हक्क असलेल्या रिबेलियनकडे आणि बीनो-बंटीसाठी त्यांचे प्रकाशक डीसी थॉमसनकडे, ते डंडीचे आणि तूही डंडीतच आहेस तर त्यांना प्रत्यक्ष भेटायची वेळ माग.

आणि जुन्या लेखक-चित्रकारांच्या मुलाखती आत्ता घे, अंकाची वाट बघू नकोस. त्या काळात बहुतेक कॉमिक्समध्ये लेखक-चित्रकारांची नावंच छापत नसत, २००० एडी या कॉमिकने १९७७ मध्ये छापायला सुरुवात केली तेव्हा कुठे चित्र बदलायला लागलं. जी माणसं तेव्हा विशी-तिशीत होती ती आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कुठली गोष्ट कुणी काढली हे त्यांच्याशिवाय सांगणारं कुणी नाही, आणि तुझ्या मॅगझिनची खरी ताकद हीच असेल. रेकॉर्डर घेऊन जा, जुने अंक सोबत ने, पानं उलटत बोलू दे त्यांना.

पुढच्या रविवारपर्यंत नवीन कव्हर आणि चारशे प्रतींचं प्रिंटरचं कोटेशन पाठव, तोवर कुठल्याच डिस्ट्रिब्युटरला होकार देऊ नकोस. लंडनचं गॉश आणि नॉटिंगहॅमचं पेज ४५ या कॉमिक्सच्या दुकानांना मात्र आजच मेल टाक, डमीची पीडीएफ जोड आणि थोड्या प्रती ठेवाल का म्हणून सरळ विचार.

तुझा,
काका