घरातली धूळ गोळा करण्याआधी

शिसं मोजायचंय की थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं), हे आधी ठरवा. भांडं त्यावर ठरतं. थॅलेट प्लॅस्टिकमधूनच सुटतात. झिपच्या पिशवीत धूळ भरलीत तर पिशवीच मोजून बसाल. तिथे काचेची बाटली, झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल. शिशासाठी स्वच्छ प्लॅस्टिकची डबी चालते.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात आधी खिडकीची चौकट बघा. ऑइलपेंटचे पोपडे असतील तर तिथला नमुना वेगळा घ्या, जमिनीच्या धुळीत मिसळू नका. नव्या रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) आहे, पण वाड्यावरचे थर त्या नियमाच्या कितीतरी आधीचे. जमिनीवर ३० बाय ३० सेंमीची चौकट आखून ओल्या वाइपने पुसा: एकदा आडवं, घडी घालून उभं. हातमोजे दर नमुन्याला नवे. एक वाइप न पुसताच डबीत टाका. वाइप किंवा डबीतच शिसं नाही ना, हे त्यातून कळतं. ही कोरी तपासणी सगळेच विसरतात, आणि मग आकड्यावर भरवसा राहत नाही.

वाइपऐवजी सुटी धूळच हवी असेल तर दिवाळीच्या साफसफाईआधी घ्या. १५० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा, कारण बारीक कणच हाताला चिकटतात. पावसाळ्यातली दमट धूळ थॅलेटसाठी ओव्हनमध्ये वाळवू नका, थोडे उडून जातात. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलवर ठेवा.

हिशोब सोपा: धुळीत २०० मिग्रॅ प्रति किलो शिसं आणि रांगतं मूल दिवसाला ६० मिग्रॅ धूळ गिळतं असं धरलं, तर १२ मायक्रोग्रॅम. हा नुसता अंदाज. शरीरात किती गेलं, ते रक्ततपासणीच सांगेल.