टॉमकॅटवरच्या जावा अ‍ॅपमध्ये दर दहा मिनिटांनी चालणारं काम कसं लावायचं?

तुम्ही विचारलंय की थ्रेड (प्रोग्रॅममध्ये बाजूने समांतर चालणारं काम) सुरू करून त्यात व्हाइल लूप आणि स्लीप टाकलं तर चालेल का. चालेल, पण प्लीज असं करू नका. अ‍ॅप रीडिप्लॉय केलं, म्हणजे नवीन आवृत्ती चढवली, की टॉमकॅट हा सर्व्हर जुनं अ‍ॅप काढतो, पण तुम्ही सुरू केलेला थ्रेड तो स्वतःहून बंद करत नाही, मग जुना क्लासलोडर (जुना कोड लोड करणारा भाग) मेमरीत अडकून राहतो, नवीन अ‍ॅप आपला वेगळा थ्रेड सुरू करतं आणि तेच काम दोनदा व्हायला लागतं.

स्प्रिंग (जावाचं फ्रेमवर्क) वापरत नसाल तर जावा ५ पासून असलेला शेड्यूल्ड एक्झिक्युटर घ्या, तो ठरावीक वेळाने काम चालवतो. सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट लिसनर (सुरू होताना आणि बंद होताना सर्व्हर ज्याला बोलावतो तो क्लास) लिहा, अ‍ॅप सुरू होताना त्यात एक्झिक्युटर बनवा आणि बंद होताना शटडाउन-नाऊ करा. ते फक्त इंटरप्ट, म्हणजे थांबण्याचा इशारा, पाठवतं हं, तुमच्या कोडने तो इंटरप्ट गिळून टाकला तर काम थांबणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बरेच जण सोडून देतात. रन मेथडमधलं सगळं ट्राय-कॅचमध्ये ठेवा आणि कॅचमध्ये लॉग करा. एक जरी एक्सेप्शन बाहेर पडलं तर एक्झिक्युटर ते काम परत कधीच चालवत नाही आणि लॉगमध्येही काही दिसत नाही कारण एक्सेप्शन फ्युचर ऑब्जेक्टमध्ये (कामाचा निकाल ठेवणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) पडून राहतं आणि तिथे कोणी बघत नाही. डेटाबेस कनेक्शन एकदा तुटलं, संपलं, अ‍ॅप मस्त चालू दिसतंय पण काम बंद! जुन्या टायमर क्लासचं तर याहून वाईट, त्याचा एकच थ्रेड मरतो आणि त्यावरची बाकीची कामंही जातात.

फिक्स्ड रेट की फिक्स्ड डिले? तुमचं काम कधीकधी दहा मिनिटांपेक्षा जास्त चालत असेल तर डिले घ्या, तो आधीचं काम संपल्यापासून वेळ मोजतो. रेटमध्ये ठरलेल्या वेळापत्रकाने फेऱ्या मोजल्या जातात, त्यामुळे मागे पडलेल्या फेऱ्या एकामागोमाग एक धावतात.

स्प्रिंग असेल तर शेड्यूल्ड अ‍ॅनोटेशन पुरे, फक्त एनेबल शेड्यूलिंग लावायला विसरू नका. तिथे क्रॉनला (काम कधी चालवायचं ते सांगणाऱ्या ओळीला) सहा फील्ड लागतात, पहिलं सेकंदाचं, म्हणून लिनक्सच्या क्रॉनटॅबमधली ओळ तशीच चिकटवली तर अ‍ॅप सुरूच होणार नाही. आणि बाय डिफॉल्ट सगळ्या कामांना मिळून एकच थ्रेड असतो, एक काम अडकलं की बाकी सगळी रांगेत, त्यामुळे पूल साइज, म्हणजे थ्रेडची संख्या, वाढवा.

उद्या दोन सर्व्हर झाले तर दोन्हीकडे काम चालेल. तेव्हा क्वार्ट्झ (कामं वेळेवर चालवणारी लायब्ररी) डेटाबेस स्टोअर आणि क्लस्टर मोडमध्ये लावा, नाहीतर स्प्रिंगबरोबर शेडलॉक, ही लायब्ररी लॉक धरून एका वेळी एकाच सर्व्हरला काम करू देते. मला छोट्या अ‍ॅपला शेडलॉकच बरं वाटतं, डेटाबेसमध्ये एक टेबल केलं की झालं, फक्त लॉक जास्तीत जास्त किती वेळ धरायचा तो आकडा कामाच्या नेहमीच्या वेळेपेक्षा चांगला मोठा ठेवा, नाहीतर इकडे काम चालू असतानाच लॉक सुटेल आणि दुसरा सर्व्हर तेच काम सुरू करेल.