प्रेग्नन्सीत निघालेली शुगर डिलिव्हरीनंतर नॉर्मल आली, तरी पुढे टेस्ट करत राहायची गरज आहे का?

हो, आहे. आणि तुम्ही लिहिलंय की मिसेसची डिलिव्हरी सोलापूरला माहेरी झाली, दुसऱ्याच दिवशी शुगर नॉर्मल म्हणून इन्सुलिन बंद केलं, आता बाळ आठ महिन्यांचं झालं आणि मधे एकदाही तपासलं नाही, तर याच आठवड्यात करून घ्या.

मी पुण्यात धायरीला एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते, धाकट्याच्या वेळी मलाही शुगर निघाली होती, म्हणून जरा कळकळीने सांगतेय.

शुगर नॉर्मल का आली ते बघा. पोटात बाळ असताना वारेतून जे हार्मोन्स येतात ते आईच्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, मग स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन बनवावं लागतं आणि ज्यांचं कमी पडतं त्यांची शुगर वाढते. वार पडली की तो भार गेला, शुगर खाली. पण स्वादुपिंड कमी पडतंय हे तर दिसलंच ना, ते डिलिव्हरीने बदलत नाही. अशा बायकांना पुढे टाइप २ डायबेटिस व्हायची शक्यता इतरांपेक्षा साधारण सात ते दहा पट सांगतात, आणि तो लगेच नाही, पाच वर्षांनी, पंधरा वर्षांनीही होतो.

घोळ होतो तो माहेर-सासरच्या मधे. डिलिव्हरीनंतर ६ ते १२ आठवड्यांत ग्लुकोजची टेस्ट व्हायला हवी, पण तेव्हा बाळंतीण माहेरी असते नाहीतर पुण्याला परत यायच्या गडबडीत, फाइल तिकडेच राहते, गायनॅकचं काम संपलेलं असतं आणि इथे आल्यावर घरातल्यांचा संबंध फक्त बाळाच्या डॉक्टरांशी. बाळाचे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस आजीला तोंडपाठ असतात, बाळाच्या आईला कुठलं कार्डच नसतं. खरं तर दीड महिन्याच्या डोसला बाहेर पडतात त्याच दिवशी आईचीही टेस्ट होऊ शकते, कुणी सांगतच नाही.

आता टेस्ट. नुसती उपाशीपोटी शुगर बघून थांबू नका, आपल्याकडे बऱ्याच जणींची उपाशीपोटी ठीक असते आणि ग्लुकोजनंतरची वाढलेली निघते. रात्रभर उपाशी, सकाळी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी आणि बरोबर २ तासांनी परत रक्त. बाळाला सोबत आणलं तरी चालतं, आम्ही तर बसायला जागा करून देतो. उपाशीपोटी १२६ किंवा त्याच्या वर, नाहीतर २ तासांनी २०० किंवा त्याच्या वर आलं तर डायबेटिस; उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा २ तासांनी १४० ते १९९ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या उंबरठ्यावर. एकट्या एचबीए१सीवर (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) भागवू नका, बाळंतपणानंतर अंगात रक्त कमी असेल तर तो आकडा फसवू शकतो. सगळं नॉर्मल आलं तरी दरवर्षी करा, बाळाच्या वाढदिवसाच्या महिन्यात ठेवली की विसरायला होत नाही. सोबत बीपी आणि कोलेस्टेरॉल पण.

मिसेस बारीक आहेत म्हणून काळजी नाही असं धरू नका. आपल्या पुण्यातच केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि त्यांची टीम १९९३ पासून जवळच्या गावांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करतायत, त्यात दिसलं की इथली बाळं जन्मतः इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, सरासरी २.७ किलोच्या आसपास, पण अंगातली चरबी त्या मानाने कमी नाही. काट्यावर बारीक, आत चरबी, असा आपला बांधा. आणि हे कळलं कशामुळे, तर इतकी वर्षं त्याच लोकांना परत परत तपासलं म्हणून.

प्रीडायबेटिस निघाला तर घाबरून जाऊ नका, उलट वेळेत सापडला. अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये, ज्यांना आधी प्रेग्नन्सीत शुगर होती आणि पुढे प्रीडायबेटिस झाला, अशा बायकांमध्ये वजन आणि व्यायामावर मेहनत घेतल्यावर तीनेक वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनेही साधारण तेवढाच फरक पडला. गोळी मात्र फिजिशियनने दिली तरच.

दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दिवस राहायच्या आधी शुगर बघा. बाळाचं हृदय, मणका पहिल्या काही आठवड्यांतच घडतात, तेव्हा आईची शुगर वाढलेली असेल तर त्यांना धोका असतो, आणि तोवर बऱ्याच जणींची डॉक्टरांकडे पहिली व्हिजिटसुद्धा झालेली नसते.