पुणे–कन्याकुमारी सायकलने: तीन महिन्यांत तयारी होईल का?

तुमचं वय ४४, दर रविवारी ५०-६० किमी चालवता, डिसेंबरात ११ दिवसांत कन्याकुमारी गाठायची आहे. तीन महिने पुरतील का आणि सायकल हायब्रीड (सरळ हँडलची) घ्यावी की रोड (वाकड्या हँडलची), असा प्रश्न आहे.

पुरतील. पण ते ‘दर रविवारी’ वाचलं आणि राहवलं नाही.

मीही रविवारवालाच होतो. खडकवासला, सिंहगड पायथा, फार तर जुन्या कात्रज घाटाने शिरवळ आणि येताना मिसळ. ही पद्धत आमच्या साडूंची. आठवड्याला एक दणदणीत राइड मारायची, बाकी दिवस आराम, दम आपोआप वाढतो म्हणे. एका रविवारी माझे १५० झाले तेव्हा त्यांनीच जाहीर केलं, "झाली तयारी. रोज हेच तर करायचंय!" गोम त्या ‘रोज’मध्येच होती.

साडूंसोबत ग्रुपने कन्याकुमारीला निघायच्या दोन दिवस आधी मी सायकल सर्व्हिसिंगला टाकली. दुकानातल्या पोराने सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढून पुसला, ग्रीस लावलं आणि बसवताना दोनेक सेंटिमीटर खाली बसवला. मला पत्ता नाही. पहिला दिवस कराड, १६० किमी, गाणी म्हणत. दुसऱ्या दिवशी निपाणीला उतरलो तर उजव्या गुडघ्याची वाटी कुरकुरत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळी तवंदी घाट लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. साडू म्हणाले, "सवय नाही तुम्हाला. अंग तापलं की जाईल." मीही मूर्ख, जड गिअरवर ओढत राहिलो. धारवाडच्या लॉजचा जिना मी उलटा उतरलो. चौथ्या दिवशी हावेरीत पाय दुमडेचना. सामानाच्या टेम्पोत बसलो, मांडीवर साडूंचीच बॅग, आणि दावणगेरेपर्यंत पाऊणशे किलोमीटर आपल्याच ग्रुपचे लोक खिडकीतून मागे पडताना पाहिले.

दावणगेरेला एक म्हातारा सायकल दुरुस्तीवाला भेटला. त्याला मराठी येईना, मला कानडी. त्याने मला सीटवर बसवलं, टाच पायडलवर ठेवायला लावली, पायडल खाली नेलं, माझ्या वाकलेल्या गुडघ्याकडे बघून कपाळावर हात मारला आणि सीट दोन बोटं वर घेतली. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हलक्या गिअरवर निघालो. दुखत होतं, पण वाढलं नाही. कन्याकुमारीला सगळ्यांबरोबर पोचलो.

आता बारसं असो, वास्तुशांत असो, साडू सांगतात, "आमचे साडूही कन्याकुमारीला आले होते, थोडे टेम्पोने. स्टॅमिना कमी पडला." स्टॅमिना नाही हो, सीट! टाच पायडलवर ठेवून पायडल तळाशी नेलं की पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली असली तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असली तर मागून.

तर तयारी. शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवस. पहिल्या महिन्यात ६०+४० किमी, दुसऱ्यात ८०+८०, तिसऱ्यात १२०+१००, आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा सलग तीन दिवस शंभर-शंभर. साडेपंधराशे किलोमीटर ११ दिवसांत म्हणजे रोज सरासरी १४०. एक दिवस १४० कोणीही रेटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सीटवर पुन्हा बसणं ही खरी परीक्षा आहे. मधल्या वारी दोनदा तासभर, मिनिटाला पायडलचे ८०-९० फेरे पडतील असा हलका गिअर. शेवटचे दहा दिवस निम्म्यावर या. भूक लागायची वाट न बघता अर्ध्या तासाने केळं, खजूर, चिक्की, काहीतरी तोंडात टाका. पॅडेड शॉर्टच्या आत अंडरवेअर घालू नका आणि व्हॅसलीनला लाजू नका.

हे सगळं सांगणारा मी अकाउंट्सवाला आहे, कोच नाही. चाळिशी उलटली आहे तर आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. गुडघा आधीपासून दुखत असेल तर माझं काही ऐकू नका, फिजिओथेरपिस्टकडे जा. आणि खरं सांगायचं तर साडूंनी नुसत्या रविवारांवर अख्खी राइड पूर्ण केली. असतात काही लोक.

सायकल? आहे तीच न्या. चढाला पुरेल असा हलका गिअर असलेली हायब्रीड भरपूर झाली. साडूंची रोड बाइक लाखाच्या वर, माझी तिच्या तिसऱ्या हिश्शाची, पंक्चर दोघांच्याही झाल्या. सर्व्हिसिंग निदान पंधरा दिवस आधी, आणि सीटपोस्टवर उंचीच्या खुणेला चिकटपट्टी. जादा ट्यूब दोन ठेवा, शक्यतो तीन. साडूंनी आणल्या नव्हत्या, चित्रदुर्गाला माझ्यातली एक घेतली. ती अजून परत आलेली नाही.