लहान संस्थेसाठी पर्यावरणपूरक आणि दिव्यांगांनाही वापरता येईल अशी वेबसाइट बनवायची आहे. कोणता फ्रेमवर्क घ्यावा? ॲक्सेसिबिलिटीचं प्लगइन टाकलं की भागेल का?

प्लगइनचं विचारलं नसतंत तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते. भागत नाही. कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येतं, अक्षर लहानमोठं करायचं बटण येतं आणि मालक खूश होतो, एवढंच. अक्षर मोठं करायची सोय फोनमध्ये आधीपासून आहे. ज्याला दिसत नाही तो स्वतःचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक किंवा एनव्हीडीएसारखं सॉफ्टवेअर, घेऊनच येतो. तुमचं बोलणारं बटण त्याच्या मध्येमध्येच करतं. एआय वापरून कुठलीही साइट आपोआप नियमात बसवून देतो, असा दावा करणाऱ्या एका प्लगइन कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले.

फ्रेमवर्कचं शेवटी बघू. सांगलीत विश्रामबागेत मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र मिळून वेबसाइटची कामं घ्यायचो. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत पेढीचं काम आलं. शेठची मागणी एकच होती: सौद्यात निघालेले दर रोज साइटवर दिसावेत, म्हणजे शेतकऱ्यांचे फोन कमी होतील आणि दिवाणजींना हिशेबाला वेळ मिळेल.

डिझाइन पार्टनरकडे होतं. त्यानं पहिल्या पानावर हरिपूरच्या संगमाचा ड्रोन व्हिडिओ टाकला, पान उघडताच आपोआप सुरू होणारा. हळद म्हणून पांढऱ्यावर पिवळी अक्षरं. मजकूर आणि मागचा रंग यांच्यात किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधाराचा फरक) हवा, हे वेब काँटेंटच्या नियमावलीत २००८ पासून आहे. पांढऱ्यावरचा हळदी पिवळा त्याच्या आसपासही जात नाही. साठी ओलांडलेले शेठ स्वतः फोन हातभर लांब धरून बघत होते, तरी 'झकास दिसतंय' म्हणाले. व्हिडिओ आवडला होता ना.

दरांची तऱ्हा आणखी वेगळी. दिवाणजी वर्षानुवर्षं युनिकोड नसलेल्या एका जुन्या फॉन्टात टाइप करायचे. ते साइटवर चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा चिवडा व्हायचा. पार्टनरचा उपाय: प्रिंट काढा, मोबाइलनं फोटो मारा, अपलोड करा. तीन-चार एमबीचा फोटो, तोही तिरका. त्यात माहिती किती? राजापुरी हळदीचे कमी, जास्त आणि सरासरी भाव, आवक किती पोती, तारीख. मजकूर म्हणून एक केबीसुद्धा होत नाही.

साइट सुरू झाली आणि फोन काही कमी होईनात. मी कारण बघायला पेढीवर जाऊन बसले. जत तालुक्यातल्या एका काकांचा फोन आला. दिवाणजींनी स्पीकरवर टाकला.

"दिवाणजी, दर साइटवर टाकलाय म्हणता, हाय कुठं? माझा फोन नुसता 'इमेज' म्हणतो आन् गप बसतो."

काकांना दिसत नाही, ते टॉकबॅकवर फोन वापरतात. बाकीचे फोन डोळसांचेच होते. कुणाचं पान उघडत नव्हतं, कुणाचा डेटा व्हिडिओतच संपत होता, कुणाला तिरका फोटो मोठा करून वाचायचा कंटाळा. तक्रारी वेगवेगळ्या, मूळ एकच: आकडे आकड्यांच्या रूपात नव्हतेच.

मी व्हिडिओ काढला. दिवाणजींना चार रकाने असलेला साधा फॉर्म करून दिला. त्यात आकडे भरले की दरांचं टेबल तयार होऊन पान सेव्ह होतं. खरं टेबल, प्रत्येक रकान्याला हेडिंग असलेलं, म्हणजे स्क्रीन रीडर नुसता आकडा न वाचता तो कशाचा आहे तेही सांगतो. पिवळा रंग पट्टीला ठेवला, अक्षरं काळी केली. पानाला 'एमआर' हा भाषेचा कोड दिला. तो नसेल तर मराठी मजकूर इंग्रजी किंवा हिंदी आवाजात वाचला जाऊ शकतो. फॉन्ट एकही डाउनलोड करायला लावला नाही. अँड्रॉइडवर नोटो असतो, विंडोजवर निर्मला, आयफोनवर कोहिनूर देवनागरी. वाचायला तिन्ही चांगले. फक्त ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात.

पार्टनर भडकला. "एका आंधळ्या माणसासाठी डिझाइनची वाट लावलीस," हे त्याचं वाक्य मला अजून पाठ आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेलेत, असं मी त्याला सुनावलं. त्यावर म्हणे, हळद विकणारे किती? असल्या माणसाला आकडे सांगून उपयोग नसतो. २०१९ च्या महापुराची आठवणही करून दिली. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. घरात लाइट नाही, चार्जिंग जपून वापरायचं, रेंज येते-जाते, आणि पातळीचे आकडे नेत्यांचे चेहरे असलेल्या पोस्टरांवर. ती पोस्टरं उघडेपर्यंत त्याचा स्वतःचा जीव टांगणीला लागला होता. तेव्हा त्याचे डोळे ठणठणीत होते. याला मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं. नंतर तो पुण्याला गेला. हल्ली तो लिंक्डइनवर 'ग्रीन वेब'वर लिहितो आणि त्याच्या साइटच्या तळाशी हिरव्या पानाचा बिल्ला आहे. त्याच साइटच्या पहिल्या पानावर आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आहे, हे मी तपासून सांगतेय.

पर्यावरणाचं म्हणाल तर फुशारकी नको. तुमच्या संस्थेची साइट हलकी झाल्यानं कोळसा जळायचा थांबणार नाही. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा, सौर किंवा पवन विजेवरचं मिळालं तर घ्या, पण दोन-अडीच एमबीचं पान तसंच ठेवून नुसतं हिरवं होस्टिंग घेणं म्हणजे गळकी टाकी महागड्या पाण्यानं भरणं. माझ्या मते खरा फायदा दुसरीकडेच आहे. फोनच्या आयुष्यातलं बहुतेक कार्बन उत्सर्जन तो बनवतानाच होऊन गेलेलं असतं. जुन्या, स्वस्त फोनवर तुमचं पान सुरळीत चाललं तर तो फोन आणखी वर्षभर वापरात राहतो. जतच्या काकांचा फोन तसलाच होता.

कायद्याची भीती घातल्याशिवाय समिती ऐकत नसेल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. त्यावरही ऐकलं नाही तर ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणतात. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांनी ते कसं करायचं, असं ते प्रकरण होतं. डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं.

आता फ्रेमवर्क, म्हणजे साइट बांधायचा तयार सांगाडा. माहितीच द्यायची असेल तर फ्रेमवर्क नकोच. साधं एचटीएमएल, थोडं सीएसएस, आणि पानं बरीच असतील तर ह्युगो किंवा इलेव्हन्टीसारखा स्टॅटिक जनरेटर, म्हणजे साधी पानं आधीच तयार करून ठेवणारं साधन. फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये, खालचे फोटो लेझी लोडिंगनं (वाचणारा तिथवर आला की मगच उघडतील असे), प्रत्येकाला ऑल्ट मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येईल असं फोटोचं वर्णन. देवनागरी जड पडते असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. यूटीएफ-८ या वेबवरच्या नेहमीच्या अक्षर-साठवणीत एक देवनागरी चिन्ह ३ बाइट घेतं हे खरं, पण हजार शब्दांचा मजकूरही वीसेक केबीच्या आसपास जातो, आणि कॉम्प्रेस केला की त्याहून बराच कमी. लॉगिन, पेमेंट, लांबलचक अर्ज असतील तर मात्र माझं एवढं उत्तर पुरणार नाही. तिथं फ्रेमवर्क लागेलही, पण माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर पूर्ण अर्ज भरून बघितल्याशिवाय साइट सुरू करू नका.

आणि स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या माणसाकडून साइट तपासून घ्या, पैसे देऊन. मी काकांना नवं पान तपासायला सांगितलं, तेव्हा पार्टनर म्हणाला होता, फीडबॅकचे कसले पैसे? शेठनी दिले, आमच्या बिलातून कापून. अर्धे पार्टनरच्या वाट्याचे गेले, त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.