समुद्राचं निमित्त आणि डिकीचा गंज

प्रश्न : २०२१ च्या दिवाळीत आम्ही पांढरी छोटी एसयूव्ही घेतली. घर रत्नागिरीत, मांडवीच्या समुद्रकिनाऱ्यापासून जवळच. गाडीवर पत्र्याची शेड आहे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर डिकीच्या दारावर, नंबरप्लेटच्या डाव्या बाजूला खालच्या कडेशी बारीक फोड दिसले. नखाने उचकटले तर आत तपकिरी गंज. सर्व्हिस सेंटरने वॉरंटीत रंगवून दिलं. पुढचा पावसाळा गेला आणि त्याच जागी पुन्हा फोड. पुन्हा रंगवून दिलं. यंदा तिसऱ्यांदा तेच, आणि आता तीन वर्षांची वॉरंटी संपली आहे. ॲडव्हायझर म्हणतो, ‘साहेब, समुद्राजवळ राहता, गंज येणारच. रंगाचे पैसे द्या, नाहीतर इन्शुरन्समध्ये बसवून देतो.’ बाकी गाडीबद्दल तक्रार नाही. इंजिन, एसी, शोरूममधूनच बसवून घेतलेला रिव्हर्स कॅमेरा, सगळं झकास. पण डिकी बघितली की डोकं फिरतं. शेजाऱ्यांची त्याच साली घेतलेली दुसऱ्या कंपनीची गाडी उघड्यावर उभी असते, तिला डाग नाही. मिसेस म्हणतात, आणखी गंजायच्या आत विकून टाका. काय करावं?
— एक वाचक, रत्नागिरी
(गाडीचं आणि कंपनीचं नाव गाळलं आहे. — संपादक)

उत्तर : वहिनींना सांगा, घाई नको. विकायला काढलीत तर गिऱ्हाईक पहिला हात त्या फोडावरच ठेवेल आणि डिकीच्या किमतीच्या कितीतरी पट भाव पाडून मागेल. आणि तुम्हीही रंगाचे पैसे इतक्यात देऊ नका. तिसऱ्यांदा रंगवलंत तरी पुढच्या गणपतीनंतर मला हेच पत्र येईल.

का, ते सांगतो. डिकीचं दार म्हणजे एक पत्रा नव्हे, दोन. बाहेरचा दिसणारा, साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा, आणि आतला सांगाडा. बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेली असते, करंजीची कड मुरडावी तशी. कारखान्यात अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवतात, विजेच्या प्रवाहाने प्रायमर पत्र्यावर बसवतात आणि मग १७०-१८० अंशांच्या भट्टीत भाजतात. पण त्या मुरडीच्या पोटात प्रायमर पुरता पोचत नाही. म्हणून कडेवरून सीलरची, म्हणजे फट बुजवणाऱ्या लुकणाची, एक रेघ ओढतात. ती रेघ कुठे तुटकी राहिली, तिला टाचणीएवढं भोक राहिलं, की पाणी आत ओढलं जातं आणि तिथेच राहतं. त्यात मीठ असलं तर विचारूच नका. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं. रत्नागिरीच्या पावसाळ्यात ती मुरड एकदा ओली झाली की वाळायचं नावच घेत नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून रंगाला ढकलतो आणि तुम्हाला फोड दिसतो. फोड दिसतो तेव्हा आतलं काम बऱ्याच दिवसांपूर्वी सुरू झालेलं असतं.

आता सर्व्हिस सेंटरने काय केलं असेल, ते मी गाडी न बघता सांगू शकतो, कारण माझं सगळं आयुष्य बॉडीशॉपमध्ये गेलं. पोराने बाहेरून ग्राइंडर मारला, चमकदार पत्रा दिसेपर्यंत घासलं, प्रायमर, लागलीच तर थोडी पुट्टी, वर रंग, त्यावर लॅकर म्हणजे पारदर्शक थर. आमच्याकडच्या बूथमध्ये ६० अंशांवर भाजलं, गाडी धुऊन बाहेर. दिसायला नवी कोरी. मुरडीच्या आत हात कोणी घातला? कोणी नाही. उलट घासताना पत्र्यावर गंज रोखणारा जस्ताचा थर असला तर तोही गेला. पोराचा दोष नाही म्हणा. जॉब कार्डावर ‘डिकी पेंट’ लिहिलं होतं, त्याने डिकी पेंट केली. दोष जॉब कार्ड लिहिणाऱ्याचा.

पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडलो. रिव्हर्स कॅमेरा शोरूममधून बसवून घेतलात. गाडीबरोबर कारखान्यातून आलेला नव्हे. तो बसवताना वायर आत घ्यायला बऱ्याचदा नंबरप्लेटच्या दिव्याजवळ ड्रिल मारतात. भोकाच्या कडेला कच्चं लोखंड उघडं पडतं, तिथे रंगाचं एक बोट लावायलाही कोणाला फुरसत नसते. त्याहून वाईट म्हणजे ड्रिलचा कीस. तो दाराच्या पोकळीत खाली पडतो आणि नेमका जाऊन बसतो त्या मुरडीत. लोखंडाचा बारीक कीस एका पावसात गंजतो आणि शेजारच्या रंगालाही खातो.

तेव्हा आधी हे बघा. डिकी उघडा, आतलं प्लास्टिकचं कव्हर क्लिपांवर असतं, ते गॅरेजवाल्याकडून सावकाश काढून घ्या. क्लिपा मोडल्या तर दार आयुष्यभर खडखडत राहतं. टॉर्च लावून कॅमेऱ्याची वायर कुठून आत येते ते पाहा. भोकाची कड रंगवलेली आहे की तांबूस? खालच्या मुरडीत लोहचुंबक फिरवा, त्याला कीस चिकटला तर तो एका कागदाच्या पुडीत ठेवा. मग सीलरच्या रेघेवरून नख फिरवा. कुठे रेघ उचलली जाते, कुठे तिच्याखालून तपकिरी ओघळ येतो, ते बघा. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी भोकं असतात, ती मातीने बुजली असतील तर खराट्याची काडी घालून मोकळी करा. हे सगळं करताना फोटो काढत राहा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो.

जमलं तर जुन्या गाड्या विकणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडून रंगाची जाडी मोजायचं मीटर आणा. छतावर मोजा, साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) येईल, तो कारखान्यातला रंग. डिकीच्या दुरुस्त केलेल्या जागी २००-३०० आलं तर दुसऱ्यांदा रंगवल्याचं ते लक्षण. हजाराच्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे, आणि पुट्टीखाली गंज असला तर तो तुम्हाला पुढचे दोन पावसाळे दिसणारही नाही.

या तपासणीवर सगळं अवलंबून आहे. गंज भोकापासून सुरू झाला असेल तर जबाबदारी कॅमेरा बसवणाऱ्या शोरूमची, आणि कॅमेऱ्याचं बिल हा तुमचा पुरावा. भोक स्वच्छ आहे आणि गंज मुरडीतूनच येतोय, तर ते कारखान्याचं काम. ‘समुद्राजवळ राहता’ हे उत्तर दोन्हीकडे लागू पडत नाही. गाडी त्यांनी रत्नागिरीच्या रहिवाशाला विकली, कागदपत्रं त्यांच्यासमोर होती. आणि मीठ म्हणजे काय हे कंपन्यांना शिकवायला नको. रंगवलेले पत्रे बंद पेटीत ठेवून त्यांवर ३५ अंशांवर पाच टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा मारत राहायची चाचणी जगभर चालते. शेजाऱ्यांची गाडी त्याच वाऱ्यात उभी आहे, तिला काही झालं नाही. एवढा एकच मुद्दा तुम्ही ॲडव्हायझरसमोर शांतपणे मांडा. गंज नशिबाचा खेळ नसतो हे मोटारवाल्यांना फार पूर्वी कळलं आहे. १९८० साली ब्रिटनमध्ये लॅन्शिया या इटालियन कंपनीला गंजलेल्या बीटा मोटारी गिऱ्हाइकांकडून परत घ्याव्या लागल्या होत्या.

इन्शुरन्सचं म्हणताय, तर तो मार्ग सोडा. गंज आणि झीज मोटर पॉलिसीत बसत नाहीत. ॲडव्हायझर ‘बसवून देतो’ म्हणतो याचा अर्थ डिकीला कुठे तरी ठोक लागल्याची खोटी गोष्ट तुमच्या सहीने लिहायची. नो क्लेम बोनस जाईल तो वेगळाच, पण उद्या ग्राहक आयोगात गेलात तर समोरचा वकील हाच क्लेम काढून दाखवेल : ‘हे पाहा, यांनीच लिहून दिलंय की अपघात झाला.’

मागायचं काय, ते स्पष्ट मागा. रंग नको. डिकीचं दार नवं हवं. सुटं दार कंपनीकडून बहुतेक वेळा काळ्या प्रायमरमध्ये येतं. त्याच्या मुरडीवर आधी सीलर, मग रंग, आणि रंग वाळल्यावर आतून पोकळीत मेणाचा फवारा, जो पातळ होऊन मुरडीत शिरतो. हे तिन्ही शब्द जॉब कार्डावर लिहून घ्या आणि सीलर लावल्यावरचा फोटो मागा. फोटो मागितला की काम सुधारतं, हे मी बॉडीशॉपच्या आत उभा राहून पाहिलं आहे.

ही मागणी तोंडी नको. कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेल करा, शोरूमला त्याची प्रत. सोबत आधीची दोन्ही जॉब कार्डं जोडा. वॉरंटी आज संपली असेल, पण दोष वॉरंटीत असताना दिसला आणि त्यांनी तो दोनदा मान्य करून दुरुस्त केला, हे त्या कार्डांवर त्यांच्याच शिक्क्याने आहे. कार्डं हरवली असतील तर शोरूमच्या संगणकात गाडीचा सगळा इतिहास असतो, तो छापून मागा. त्यात ‘गंज’ हा शब्द आहे की नुसतं ‘पेंट टच-अप’, हेही बघा. नुसतं टच-अप असेल तर तुमच्या ई-मेलमध्ये ‘गंज’ हा शब्द तारखांसह यायलाच हवा. पंधरा दिवसांची मुदत द्या.

उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात, कारण कंपनीच्या वरच्या ऑफिसात कोणीतरी फाइल उघडतं. तिथेही नाही झालं तर रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. वकील लागतोच असं नाही. फी मोजलेल्या किमतीवर असते : पाच ते दहा लाखांच्या गाडीला २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००. पण मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. तुमचा पहिला फोड २०२३ च्या पावसाळ्यानंतरचा. कंपनीचा वकील तिथूनच मोजायला लागेल. तुम्ही म्हणाल, दुरुस्ती फसली तेव्हापासून मोजा. वाद घालता येतो, उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग तो माफही करू शकतो, पण त्या वादात पडायची वेळ कशाला आणायची? ई-मेल या आठवड्यात जाऊ द्या.

आयोगात ‘फोड येतात’ एवढं सांगून भागत नाही. दोष कारखान्याचा आहे हे दाखवायचं काम तक्रारदाराचं. म्हणून कव्हर काढलेलं असतानाच एखाद्या जाणकाराला, सरकारी पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवणाऱ्या प्राध्यापकाला म्हणा किंवा विम्याच्या परवानाधारक सर्व्हेयरला, दार दाखवून सहीचा अहवाल घ्या. आणि मागणी दाराचीच ठेवा, वर थोडी नुकसानभरपाई. रागाच्या भरात ‘गाडी बदलून द्या’ लिहू नका. वॉरंटी खराब भाग बदलून देण्यापुरती असेल तर अख्खी गाडी बदलून द्यायचा आदेश टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच एका मोटारीच्या खटल्यात म्हटलेलं आहे. दार मागितलंत तर आयोगालाही ते द्यायला सोपं.

तपासणीत भोक निघालं की मुरड, ते मला जरूर कळवा. माझा अंदाज भोकाकडे आहे.

प्रश्न : माझ्या लाल गाडीच्या बॉनेटवरचा आणि छतावरचा लॅकर पापुद्र्यांसारखा सुटतोय. पॉलिश करून थांबेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. वरचा पारदर्शक थर सुमारे ४० मायक्रॉनचा असतो, तो नागपूरच्या उन्हाने मेला आहे. पॉलिश म्हणजे उरलेला थर आणखी पातळ करणं. सुटलेल्या जागेपुरता लॅकर मारून देतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा, सहा महिन्यांत त्या ठिगळाची कड उचलते. अख्खं बॉनेट आणि अख्खं छत घट्ट थरापर्यंत उतरवून रंगवावं लागेल. घाई मात्र नाही. तुमच्याकडे गंज नाही, त्यामुळे पैसे जमेपर्यंत गाडी वाईट दिसेल, एवढंच.

प्रश्न : दर वर्षी सर्व्हिसिंगला गेलं की अंडरकोटिंगचा आग्रह होतो. करावं का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : अलिबागला करावं, पण दर वर्षी नाही, आणि पाणी मारल्याच्या दिवशी तर नाहीच. रबराचा काळा थर ओल्या मातीवर मारला तर ओल आत कोंडते आणि वरून सगळं छान दिसतं. गाडी खालून धुऊन, उन्हात नीट वाळवून मगच मारू द्या. मारून झाल्यावर खाली वाकून एकच गोष्ट तपासा : दारांच्या आणि रनिंग बोर्डच्या तळाशी पाणी जायची भोकं उघडी आहेत ना. फवारा मारणारा ती सर्रास बुजवतो. बुजली असतील तर काउंटरवर पैसे द्यायच्या आधी त्याच्याकडूनच उघडून घ्या.